मनोहरचं मोजकं बोलणं

मनोहर गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला. "बाई, बाबा गेले. अटॅक आला," एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा चंद्रपूरच्या घरी होते. मनोहर माझा सातवीतला जुना विद्यार्थी, मुलचेऱ्याकडच्या एका गावात लाइनमन. मी निवृत्त झाल्यावर दरवर्षी दिवाळीनंतर भेटायला येणारा तो एकटाच. नव्या धानाचा तांदूळ आणायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि एकेक शब्द जपून बोलायचा. "मला… बरं वाटलं, बाई." मुळातच अबोल मुलगा, असं मी सगळ्यांना सांगत असे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्याच्या गावी गेले. मंडपात जो तो त्याच्या बोलण्याच्याच आठवणी काढत होता. शेजारचे म्हातारे भाऊ म्हणाले, "लाइन गेली का लोक त्याची वाट पाहेत. खांबावर चढला का वरूनच बोलत राहे, खालच्या लोकाईले हासू आवरे नाई." मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. नववीतल्या प्रज्ञाला, त्याच्या मुलीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "तुमच्यासमोर ते बोलेच नाई. सातवीत भाषणाले उभे राह्यले नं, 'मले वाटते' म्हनले, आन् तुम्ही म्हनलं, आधी 'मला' म्हणायला शिक, मग भाषण कर. सारा वर्ग हासला. बाबा हासत हासतच सांगे."

मला ते आठवेना. अजूनही आठवत नाही. तेव्हा मी सांगलीकडून या भागात नुकतीच बदलून आले होते, बोलले असणारच… त्याच वर्षी त्याची गणिताची वही वर्गभर फिरवून मी त्याची पाठ थोपटली होती, ते मात्र लख्ख आठवतं. त्यानं यातलं काय जपलं? राग असता तर एवढ्या लांबून तांदूळ घेऊन आला असता का? आणि राग नव्हता, तर माझ्या घरी एकदा तरी मोकळं का बोलला नाही? की दरवर्षी तो परीक्षाच द्यायला येत होता… विचारायला हवं होतं, पण असं काही विचारायचं आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

जेवणाआधी लोक दोन शब्द बोलणार होते. प्रज्ञा कागद घेऊन आली. "बाई, तपासून देता?" पहिल्याच ओळीत 'मले' लिहून खोडलं होतं, वर 'मला' लिहिलं होतं, तेही खोडलं होतं.

"घरी बाबांशी बोलताना काय म्हणायचीस?"

"मले."

"मग तसंच बोल."

"शाळेत चालत नाई, बाई."

मी कागद तसाच परत दिला. ती माइकसमोर उभी राहिली, माझ्याकडे पाहून 'मला' म्हणाली. पुढची दोन-तीन वाक्यं धड्यातल्यासारखी, अडखळत. मी उठले आणि मंडपाच्या मागे, तिला दिसणार नाही अशा जागी गेले. थोड्या वेळानं आवाज आला, "बाबा मले सायकल शिकवत तवा सोताच पडले…" लोक हसले, मग कुणीतरी रडलं. तिचं बोलणं संपेपर्यंत मी मागेच उभी होते.