उमेदमल शेठचे उंदीर

खांडबाऱ्यात उमेदमल शेठच्या किराणा दुकानात उंदीर मारत नसत. पिंजऱ्यात धरायचे आणि सकाळी स्टेशनापलीकडच्या शेतात सोडून यायचे. संध्याकाळी स्वारी परत गुळाच्या ढेपेवर! "हाऊ कालनाच उंदीर शे, शेठ," गिऱ्हाईक झिपरू चिडवायचा. शेठ हसायचे. जैनाचं घर, जीव तो जीव.

अशा घरातली चांदनी बायोकेमिस्ट झाली. सुरतेला मेंदूतल्या रिसेप्टरांवर पीएच.डी. केली, तिथंच नोकरीला लागली, दर रविवारी गाडीने घरी. "पेशींवर कुलपं असतात पप्पा, औषधाची किल्ली लागली की दुखणं थांबतं." प्रयोगशाळेत उंदरांचं काय करता, असं पप्पांनी एकदा विचारलं, तेव्हा ती घाईघाईत म्हणाली, "थेंबभर रक्त घेतो." झालं, फसली बिचारी कायमची! खरं तर ताजा मेंदू काढल्याशिवाय तिचं काम हलत नव्हतं, आणि कामावर तिचा जीव होता. सोडवत नव्हतं, सांगवत नव्हतं. रविवारी घरी कामाचा विषय निघाला की ती तो बदलायची.

यंदा पर्युषण पर्वात गावातल्या जैन संघाने तिचा सत्कार ठरवला. ती आली, तर पप्पा दारात पिंजरा घेऊन उभे. आत उंदीर, वर धुतलेलं फडकं.

"शेतात मांजरं खातात गं यांना," ते म्हणाले. "तू घेऊन जा. तुझ्याकडे वेळेवर दाणापाणी तरी मिळेल."

इतका भोळा माणूस! आणखी एक थाप मारली असती तर निभावलं असतं, पण जीभच वळेना.

"पप्पा, माझ्याकडे उंदीर जगत नाहीत. मेंदू काढावा लागतो. मीच काढते."

शेठ पिंजरा खाली ठेवून पायरीवर बसले.

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

आता ओरडतील, घराबाहेर काढतील, असं तिला वाटलं. काढू देत, एकदाची मोकळी तरी होईन.

शेठ मात्र उठून हळूच म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस. अन् दुपारी सत्काराला चल. नाही गेलो तर लोक कारण विचारतील."

उपाश्रयात, साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, प्रवचन झालं, चांदनीच्या खांद्यावर शाल पडली. चातुर्मासाला आलेल्या वृद्ध साध्वीजींनी कौतुकाने विचारलं, "मुलीच्या कामात मुक्या जिवांना त्रास तर होत नाही ना?"

चांदनीने तोंड उघडलं. त्याआधीच उमेदमल शेठ हात जोडून उभे राहिले.

"नाही साध्वीजी महाराज, सांभाळते ती त्यांना," ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघता खाली बसले.