राजीनाम्यातला ‘राजी’

“सही करायची न्हाई मला.” कौसल्याबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

टेबलापलीकडे त्यांचे चुलत दीर रंगनाथराव मान खाली घालून बसले होते. श्रीरामपूर कोर्टात मी मध्यस्थ म्हणून काम करतो. मध्यस्थ निकाल देत नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून बोलतं करतो. जमलं तर तडजोड लिहायची आणि जजसाहेबांकडून तसा हुकूम घ्यायचा.

वाद रस्त्याचा होता. कौसल्याबाईंच्या वस्तीची वाट रंगनाथरावांच्या उसातून जायची. बांधावरून भांडण झालं आणि रंगनाथरावांनी जेसीबी लावून वाटेत चर खोदला. बाईंच्या मालकांनी दावा लावला. तारखा पडत राहिल्या. त्यातच मालकांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स चराच्या अलीकडेच अडली. मुलानं बापाला पाठीवर घेतलं आणि उसातून पळत सुटला. गाडीपाशी पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

आता रंगनाथराव चर बुजवायला तयार होते. मसुदाही झाला होता. मग अडलं कुठं?

“वर राजीनामा लिवलंय,” बाई म्हणाल्या. “म्हंजी जमिनीचा हक्क सोडायचा व्हय?”

मला हायसं वाटलं. म्हटलं, “तसं नाही, मावशी. नोकरी सोडतात तो राजीनामा वेगळा. शब्द मूळचा फारसी. राजी म्हणजे मनापासून कबूल, नामा म्हणजे लेख. दोन्ही बाजू राजी झाल्या की कोर्टात द्यायचा तो राजीनामा. आमचे जुने टायपिस्ट अजून तसंच लिहितात.”

बाई दिराकडे वळल्या.

“भावजी, मी राजी हाय का?”

“वहिनी, चुकलं माझं…”

“त्ये ऱ्हाऊ द्या. हाय का, त्येवढं सांगा.”

रंगनाथराव रडायला लागले. बाई रडल्या नाहीत.

मी उठलो. ‘तडजोडपत्र’ असा मथळा घालून कागद पुन्हा काढून आणला. आतला ‘राजीखुशीने’ हा शब्दही वगळला होता.

“वाचून दाखवू?”

“नगं. सुनंला आठवा लागलाय. गाडी दारापत्तुर आली पायजे.”

त्यांनी सही केली आणि दिराकडे न बघता बाहेर गेल्या.

हुकूम झाला, चर बुजला. सून वेळेवर दवाखान्यात पोचली, मुलगी झाली. दोन घरांचं बोलणं मात्र आजही बंद आहे.

आमच्या दप्तरी हे प्रकरण ‘यशस्वी’ म्हणून जमा आहे. कायद्याला सहीपुरती संमती पुरते. राजी कोण आहे, ते कोर्ट विचारत नाही.