घाईची आरोळी

किल्ला हाती येण्याआधीच विजयाची आरोळी ठोकणारा मावळा इतिहासात झाला नसेल, पण खारघरच्या आमच्या सोसायटीत झाला आणि तो मी. अजूनही कुठे घोंगडीचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. गणपतीतलं नाटक बायकोनं लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. आम्ही चार मावळ्यांनी दबक्या पावलांनी जाऊन झोपलेला किल्ला घ्यायचा, असा प्रसंग. विंगेत अंगाला घोंगडी टोचत होती, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि पाय काही एका जागी ठरत नव्हते. शेवटी राहवलं नाही आणि तटाला दोर लागण्याआधीच मी ओरडलो, “हर हर महादेव!” शेजारचा मावळा कुजबुजला, “काका, वाट लावलीत!” समोरच्या विंगेत बायकोनं डोक्याला हात लावला. आता शत्रू जागा झाला की तिचं नाटक तिथंच संपणार होतं. तेवढ्यात घोरणारे किल्लेदार, म्हणजे आमचे सेक्रेटरी, कूस बदलत पहारेकऱ्याला म्हणाले, “कोल्हा ओरडला रे, झोप!” मग आम्ही किल्ला घेतला, टाळ्या पडल्या. घरी जाताना मी छाती काढून चाललो होतो (तेव्हा ती पोटाच्या पुढे यायची), तर बायको म्हणाली, “छाती कसली काढताय? शत्रू समजूतदार होता म्हणून किल्ला मिळाला.”