फौजीकाकांनी लावलेली ड्यूटी

बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. पोत्यांच्या थप्पीवरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि आमचं अहमदपूरचं घर त्या एका खाटेभोवती थांबलं. आई उजाडलं की खुरपायला जायची, नाहीतर चूल पेटायची नाही. मग बाबांना कुशीवर वळवणं, पुसून घेणं, भरवणं माझ्याकडं आलं. त्याच उन्हाळ्यात मी बारावी पास झाले आणि नांदेडच्या कॉलेजात माझा नंबर लागला. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझंही राहूनच जाणार, हे मी धरून चालले होते.

आमच्या चर्चमध्ये रविवारी एकेक जण उभं राहून आपली अडचण सांगतो, मग सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. त्या रविवारी आईनं बाबांच्या कमरेसाठी मागितलं. मी बसूनच राहिले. मनात म्हटलं, प्रभू, तुला सगळं दिसतं म्हणतात ना? मग बघ. मी तोंडानं मागणार नाही.

फौजीकाका नेहमीसारखे शेवटच्या रांगेत होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि दाराबाहेरच्या आमच्या चपला पलटणीसारख्या रांगेत लावायचा नाद. उपासना संपली तसे ते दारात आडवे उभे राहिले.

"थांबा! कुणी हलायचं न्हाई!" आवाज असा की पाळकसाहेबही जागीच थांबले. "ह्या पोरीला पुढं शिकायचं हाय. हिच्या बापापाशी दिवसा मानूस पायजे. ड्यूटी लावून राहिलो. सोमवार माझा. मंगळवार कोण?"

मी कुणाजवळ एक अक्षर बोलले नव्हते!

"मंगळवार माझा," पेटी वाजवणारे मामा म्हणाले, "पन मला दुसऱ्याची दाढी करता येत न्हाई बरं का."

"सोताची तरी कुठं येते?" काका म्हणाले, आणि सगळं चर्च हसलं. हसता हसता आठवडा भरत आला. मी काकांना गाठलं. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? परेडला जवान चक्कर येऊन पडायच्या आधी मागून त्याचे खांदे बघितले की कळतं. तुझे लई दिवस बघून राहिलो. आज पडली असतीस."

सोमवारी काका खांद्यावर टॉवेल टाकून हजर! कोमट पाण्यानं बाबांचे पाय धुवायला बसले तसे बाबा कळवळले. "साहेब, पाप लागंल मला. तुमी माझे पाय धुता?"

"आपल्या प्रभूनं शिष्यांचे धुतले, मग माझं काय जातंय? गप पड. हलला की परत पहिल्यापासून धुईन."

बाबा भिंतीकडं तोंड करून रडत होते आणि हसतही होते. एवढ्यात शेजारचे टेलर चाचा दारात आले. "फौजीसाब, जुम्मा छोडके कोनसा बी दिन देव हमना." शनिवार मोकळा होता, तो त्यांना मिळाला. त्याच आठवड्यात मी एसटीनं नांदेडला गेले. माणसं पाळीपाळीनं येत राहिली, बाबा आधी बसू लागले, मग भिंत धरून उभे राहिले.

यंदा सुट्टीत घरी असताना शेवटच्या वर्षाचा निकाल मोबाईलवर दिसला तेव्हा मी चप्पल न घालता काकांच्या घराकडं पळत सुटले. "काका, पास!" ते आजारानं खाटेवर होते, तरी उठून बसले. "हळू काय सांगून राहिली? वरच्याला बी ऐकू जाऊ दे!" मग मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली!

थोड्याच दिवसांत काका प्रभूकडं गेले. त्यांची शवपेटी उचलणाऱ्यांत माझे बाबा होते.

मी हट्टानं तोंड मिटून बसले होते, तरी देणाऱ्यानं दिलं, आणि मी मागितलं असतं त्यापेक्षा जास्त दिलं. आता मी मागते, आणि कसं द्यायचं ते त्याच्यावर सोडते. काकांसारखा माणूस आमच्या वाट्याला आला, त्याचे उपकार मानते.

बाबा चालतात. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.