गावाहून आलेलं भूत

मी भूत झालो होतो त्याला अजून फार दिवस झाले नाहीत. पुंडलिकनगरातल्या आमच्या हौशी मंडळानं भुताची एक जुनी गोष्ट नाटक म्हणून बसवायला घेतली. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली. मेलेला नवरा अमावास्येला घरी येतो, बायकोशी चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलतो, आणि शेवटी बायकोच त्याला समजावून परत पाठवते. नवरा मी. बायकोचं काम एका शाळेतल्या बाईंकडं होतं, माझ्या लेकीच्या वयाच्या.

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर ओळखतो, पण पानभर वाचायला घेतलं की ओळी एकमेकींवर चढतात. हे मी मंडळात कधी सांगितलं नाय आणि सांगणारही नाय. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहून म्हातारा झालो, तिथंही कुणाला कळू दिलं नाय. आजवर जेवढी कामं केली, त्यांचं पाठांतर घरातच झालं. बायको सातवी शिकलेली. दुपारी भाजी निवडता निवडता ती वाचते, माझं वाक्य वाचते, समोरच्याचंही वाचते, आणि मी डोळे मिटून ऐकतो. मग समोरच्याचं वाक्य तिच्या आवाजात कानात आलं की माझं आपोआप तोंडात येतं. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मला पाठ होत नाय. मोबाईलमधून तर मुळीच नाय.

या वेळी तिनं पहिली दोन पानं वाचली आणि कागद खाली ठेवले.

"हे मी म्हणणार नाय."

वाक्यं विधवेची होती. तुम्ही गेलात, घर ओस पडलं, असली. आणि ती माझ्यासमोर बसलेली, कपाळाला कुंकू लावून. मी म्हटलं, खोटंच आहे की सगळं. ती म्हणाली, "नाटक खोटं असंल. तोंड तर माझं खरं आहे ना?"

मी कागद उचलून पिशवीत ठेवले.

इकडं तालमीत मी अडखळू लागलो. दिग्दर्शक तरुण पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, काका, पाठांतर जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, दुसऱ्या कुणाला उभं करतो. मी म्हटलं, पाठ आहे, प्रयोगासाठी आवाज राखून ठेवलाय. तो हसला, पण सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणाला. म्हणजे सोमवारी माझं भूत दुसऱ्याच्या अंगात जाणार होतं.

मग मी बायकोला तिच्या भावाची आठवण करून दिली. गंगापूरला त्याच्या डोक्याला कावळा शिवला होता. आपल्याकडं कावळा शिवला की माणूस गेल्याची खोटी बातमी पाहुण्यांकडं धाडतात. पाहुणे रडले की अपशकुन टळतो आणि त्याचं आयुष्य वाढतं. बातमी आली तशी ही इथून जी रडत एसटीत बसली ती गंगापूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत रडत होती, आणि घरी जाऊन बघती तर भाऊ ओट्यावर चहा पितोय. मी म्हटलं, तुझ्या रडण्यानं त्याचं आयुष्य वाढलं, मग तुझ्या वाचण्यानं माझं का वाढू नये?

"तवा मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि उठून गेली.

पण दुसऱ्या दुपारी कागद तिनंच हातात घेतले. वाचू लागली. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की ती तिच्या मनानं बदल करतेय. "तुम्ही गेलात" असं जिथं लिहिलं होतं तिथं ती "तुम्ही गावाला गेलात" म्हणत होती. "तुमच्यामागं" असेल तिथं "तुम्ही गंगापूरला होतात तवा." मी टोकलं नाय. आणि शेवटचं पान आलं तशी ती थांबली. त्या पानावर बायको नवऱ्याला म्हणते, जा आता, आणि भूत धुरात निघून जातं.

"यापुढचं तुमचं तुम्ही बघा."

त्या पानावर मला वाक्य नव्हतं, नुसतं उठून जायचं होतं. म्हणून मीही जोर केला नाय.

सोमवारी सगळी वाक्यं धडाधड आली. पण माझं भूत गंगापूरहून आल्यासारखं यायचं. दारात वहाणा काढायचं, हुश्श करून बसायचं, पाणी मागायचं. दिग्दर्शकाला तरंगत येणारं भूत पाहिजे होतं. लाईटवाला माझा जुना दोस्त, तो वरून म्हणाला, "क्या चचा, भूत हो के पानी मांगते?" मी म्हटलं, तू कुणा भुताला विचारून आलास का, तहान लागत नाय म्हणून? शेवटी दिग्दर्शकानं हात टेकले.

नाट्यगृह संध्याकाळचं मिळालं नाय, म्हणून भुताचा प्रयोग भर दुपारी लागला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत आम्ही अमावास्या केली होती. तिसरी घंटा झाली. निळा उजेड पाण्यासारखा पडद्यांवरून उतरला. धूर जमिनीलगत सरकत होता, पायाला गार लागत होता, पाय आपले आहेत की नाहीत कळत नव्हतं. अंधारात माणसं बसली होती, पण माझ्यापर्यंत त्यांचा नुसता श्वास येत होता. मी वहाणा काढल्या, बसलो, पाणी मागितलं. कुणी हसलं नाय. बाई बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं आणि त्याच्याखालून दुसरा आवाजही येत होता, घरातला, मेथी निवडतानाचा. तुम्ही गावाला गेलात. तुम्ही गंगापूरला होतात तवा. मला फार बरं वाटत होतं. कुठून तरी लांबून आलोय, अंग शिणलंय, आणि आता आपलं घर आलंय, असं.

मग बाई म्हणाल्या, "जा आता."

ते वाक्य मी त्या आवाजात कधी ऐकलंच नव्हतं. मी उठलो नाय. बाईंनी पुन्हा म्हटलं, थोडं हळू. मी तसाच बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, त्याही खाली बसल्या. वरून दोस्तानं उजेड हळूहळू विझवत नेला, पडदा पडला, आणि भूत घरातच राहिलं.

टाळ्या आल्या, पण उशिरा. दिग्दर्शक आत येऊन म्हणाला, काका, नुसतं उठायचं होतं. मी म्हटलं, बसलो ते बसलो. पुढच्या प्रयोगाला उठावं लागेल म्हणाला, नायतर दुसरा बघतो. मी बघू म्हटलं.

घरी आलो तवा उजेड होता. बायको प्रयोगाला आली नव्हती, येणार नाय हे तिनं आधीच सांगितलं होतं. कसं झालं ते तिनं विचारलं नाय. माझ्या कानामागं नाटकाची पावडर राहिली होती, ती पदरानं पुसत होती. मीच सांगितलं, "शेवटी मी गेलो नाय. तिथंच बसून राहिलो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. ती बाईपण मग बसली."

तिनं माझ्या पिशवीतून कागद काढले आणि शेवटचं पान उन्हाकडं धरलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बराच वेळ लावला एवढ्याशा पानाला. मग घडी घातली.

"बसलात तेच बरं केलंत," ती म्हणाली. "ती बाई एवढ्या घरात एकटी काय करणार होती?"