बियाणेवाल्यांचा सत्कार

माझी फजिती सांगतो, पण आधी माझा मोठेपणा ऐकून घ्या! अख्ख्या जाफराबादेत शेतीची वेबसाइट काढणारा पहिला माणूस मीच. तेव्हा एक पान उघडेपर्यंत कपभर चहा पिऊन व्हायचा, पण वेबसाइट ती वेबसाइट! तिच्यासाठी मी चांगली नोकरी सोडली आणि सासऱ्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं.

पुढे मी एका जाहिरातींच्या नेटवर्कला वेबसाइटवर जागा दिली. आणि एक दिवस काय बघतो? माझ्या सोयाबीनच्या लेखाशेजारी जालन्याच्या एका बियाणे कंपनीची झकास जाहिरात! एवढ्या मोठ्या कंपनीनं मला हेरलं? मी दिवसभर जमिनीवरच नव्हतो.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. गणेश मंडळाच्या अंकाला कुणी जाहिरात दिली, की त्याचा सत्कार करावाच लागतो. मीही शाल घेतली, नारळ घेतला आणि मुद्दाम सासऱ्यांना जीपमध्ये बसवून जालना गाठलं. जावयाची किंमत कळू दे की जरा!

कंपनीचे मालक चक्रावलेच. "कोण तुम्ही?"

"तुम्ही आमच्या वेबसाइटला जाहिरात दिल्ती न्हाई का? तिचा मालक मी!"

"तुम्हाला कुठं दिली? मी नेटवर्कला दिल्ती. धान्याच्या मोंढ्यात आडत्या कसा असतो? माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरं, मधी तो. तसंच हे. माझी जाहिरात कुठं कुठं लागून राह्यली, मलाच माहीत न्हाई!"

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं म्हणालो, "मालक, साइट उघडून तर बघा!"

मालकांनी कॉम्प्युटरवर उघडली. जाहिरात होती, पण त्यांच्या कट्टर दुश्मनाची!

"आन् शाल मला घालून राह्यले?" मालक कडाडले.

"थांबा, थांबा! जाहिराती बदलत असतात!" मी पान पुन्हा उघडलं. नवी जाहिरात हळूहळू खाली उतरायला लागली. तिघंही वाकून बघत होतो. जाहिरात इंग्रजीत होती.

"काय लिहिलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

मालकांनी वाचून सांगितलं, "नोकरी शोधताय का?"

सासऱ्यांनी कितीतरी महिन्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मालक, तुमची जाहिरात कुठं लागली ते तुम्हाला माहीत न्हाई. पण ही बराबर जागी लागली बघा!"