एप्रिकॉट्समधला क्लॅरेन्स

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्र्यंबककाका दामल्यांइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. वय चौऱ्याऐंशी, सगळी हयात चिप कंपनीत गेली. पण ओळख विचारा, म्हणणार, "मी एप्रिकॉट्सचा बास."

काका १९६३ साली सॅन होजेला शिकायला आले, तेव्हा इकडे सगळ्या जर्दाळूच्या बागा होत्या. उन्हाळ्यात त्यांनी फळं डब्यांत भरायच्या कारखान्यात काम धरलं. तिथे तीन कृष्णवर्णीय पोरं काम करता करता डू-वॉप गायची. म्हणजे वाद्यं जवळपास नाहीतच; एकानं गायचं आणि बाकीच्यांनी 'डूम-डूम, वा-वा' करत त्याला उचलून धरायचं. त्यांचा बास, म्हणजे खर्जातला गडी, सैन्यात गेला होता. काकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, त्यामुळे त्यांची वर्णी लागली.

जर्दाळूवरूनच नाव घेतलेले हे चौघे, द एप्रिकॉट्स, दोन वर्षं टिकले. चर्चच्या हॉलमध्ये गायले, शाळांच्या डान्सला गायले. स्टुडिओत एकदाच गेले, एकच गाणं केलं आणि त्याची एकच डिस्क निघाली, ती काकांकडे राहिली. महिन्याभरात उंच, बारीक आवाजाचा मुख्य गायक क्लॅरेन्स गाडीच्या अपघातात गेला. वीस वर्षांचा अनाथ मुलगा, मागे रडायलाही कोणी नाही.

याचं आपणच करायचं, असं काकांनी ठरवून टाकलं. दर सर्वपित्रीला क्लॅरेन्सचं पान वाढायचं आणि डिस्क एकदा लावायची. लग्न होऊन आलेल्या शुभाकाकू आधी वैतागल्या, मग क्लॅरेन्सच्या वड्यांत तिखट कमी घालायला लागल्या. मीही वर्षानुवर्षं तिथे जेवलोय. गाणं सुरू झालं की काका एक पाऊल मागे सरायचे, कारण तेव्हा माइक एकच असायचा आणि खर्जवाल्यानं मागे राहायचं असायचं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत गायचे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या जागेतून चालत जायची माझी कधी हिंमत झाली नाही.

गेल्या सर्वपित्रीला मला जायला उशीर झाला, तर काकूंचा फोन. "शंतनू, लवकर ये बाबा. हे म्हणतायत, क्लॅरेन्स आला नाही."

गेलो. काका चक्क घाबरले होते. "डिस्कवर आता फक्त मीच ऐकू येतोय रे. दोन वर्षं मी कानाच्या मशिनला दोष देत होतो. त्याला शोध. मला एकदा ऐकायचाय तो."

सांता क्लाराला माझा मित्र नकुल ऑडिओचं काम करतो. त्यानं डिस्क तपासली, मग प्लेअरची सुई बघितली आणि कपाळाला हात लावला. साठ वर्षांत काकांनी सुई बदललीच नव्हती. बदलली तर क्लॅरेन्सचा आवाज बदलेल म्हणे! अशा डिस्कवर उंच, बारीक सूर आधी झिजतात, खर्ज टिकून राहतो. दर श्राद्धाला त्या सुईनं क्लॅरेन्सला थोडं थोडं खरवडून काढलं होतं.

"एआयनं नवा आवाज बसवून देऊ, यार," नकुल म्हणाला. त्याला मारावंसं वाटलं मला.

काकांना खोटं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून खरंच निघालं.

"म्हणजे मीच पुसला त्याला," ते म्हणाले. "दर वर्षी जेवायला बोलावून."

मला ते सहन होईना. "तुम्हाला काय कल्पना, काका! कोणीतरी वेळेत कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्यायला हवी होती."

"तुला म्हणालो होतो की," काका म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "दोन हजार अकरा साली. इथेच जेवत होतास. म्हणालास, नेक्स्ट वीकेंडला नक्की करू. तेव्हा तो होता."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस मी डिस्क टेबलावर काढून ठेवली होती," काका म्हणाले.